वरकस जमिनीवरचा कच्चा माल

उद्योगांना लागणारा सेंद्रिय कच्चा माल, म्हणजे ज्याच्या रेणूत कार्बनचा सांगाडा असतो असा माल, मुळात दोनच ठिकाणांहून मिळतो: भूगर्भातील खनिज तेल, वायू व कोळसा यांपासून किंवा जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पतींपासून. पहिल्याचा साठा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांपासून तयार झालेला असून तो एकदा वापरला की संपतो. दुसरा सूर्यप्रकाश, पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून दर हंगामात नव्याने घडतो, आणि म्हणून त्याला नवीकरणीय कच्चा माल म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रंग, तेल, दोर, गोंद, साबण, वंगण हे सारे प्रामुख्याने शेतातून, रानातून आणि जनावरांपासून येत असे. पुढे डांबरातून व नंतर खनिज तेलातून मिळणाऱ्या रसायनांनी ही जागा घेतली. १८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ या कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि काही वर्षांतच भारतातील निळीच्या शेतीचा कणा मोडला. आता खनिज तेलाच्या साठ्याची मर्यादा आणि हवामानबदल या दोन्ही कारणांनी उद्योग पुन्हा पिकांकडे वळू लागले आहेत. तेव्हा ज्या शेतात हा माल पिकतो त्या शेताच्या धन्याच्या पदरी त्यातून काय पडते, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे दोन डोंगरी तालुके या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयोगी आहेत, कारण औद्योगिकदृष्ट्या मोलाच्या अनेक वनस्पती येथे पूर्वापार आहेत आणि तरीही येथील शेती मुख्यतः पोटापुरतीच राहिली आहे.

हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. जव्हार हे स्वातंत्र्यापूर्वी मुकणे घराण्याचे संस्थान होते. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी या समाजांची वस्ती असलेल्या या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुसळधार पाऊस पडतो आणि त्यानंतर आठ महिने जमीन कोरडी राहते, कारण उतारावरून पाणी वाहून जाते व खाली काळा कातळ ते धरून ठेवत नाही. शेतजमिनीचे येथे दोन ठळक प्रकार आहेत. सखल भागात बांध घालून केलेल्या खाचरांत भात लावले जाते, तर डोंगरउतारावरच्या उथळ, दगडगोट्यांच्या जमिनीला वरकस म्हणतात. वरकस जमिनीवर दरवर्षी तेच पीक घेता येत नाही. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई आणि तिसऱ्या वर्षी खुरासणी असा फेर धरून नंतर ती काही वर्षे पडीक टाकण्याची जुनी रीत आहे. जमिनीचा कस उतरत जातो तसतसे कमी मागणारे पीक निवडायचे, हे या फेरामागचे तत्त्व असून त्यात खुरासणी शेवटी येते ती तिच्या काटकपणामुळे.

खुरासणी, जिला देशावर कारळा म्हणतात, ती सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती आहे. तिचे मूळ स्थान इथिओपियाचे डोंगराळ पठार मानले जाते आणि आजही तिच्या उत्पादनात इथिओपिया व भारत हे दोनच देश आघाडीवर आहेत. पाऊस ओसरू लागला की जव्हार-मोखाड्याचे उतार तिच्या पिवळ्या फुलांनी भरतात. या फुलांचे एक वैशिष्ट्य उत्पादनाच्या दृष्टीने निर्णायक आहे: एका झाडाच्या परागाने त्याच झाडाच्या फुलात सहसा बी धरत नाही, त्यामुळे दुसऱ्या झाडाचा पराग आणून देणाऱ्या मधमाश्यांवर पिकाची भिस्त असते. सातेरी मधमाशीची पोळी ज्या रानात टिकून आहेत त्या रानालगतची खुरासणी चांगली भरते, आणि रान उजाड झाले की शेतकऱ्याने खत घातले तरी दाणा पोचट राहण्याचा धोका उरतो. बी काळे, चकचकीत आणि इतके बारीक असते की मुठीत घेतल्यास बोटांच्या फटीतून निसटते. त्यात वजनाच्या साधारण ३० ते ४० टक्के तेल असते. मोठ्या तेलबियांच्या तुलनेत उत्पन्न मात्र तुटपुंजे, हेक्टरी तीन-चार क्विंटलांच्या आसपास, कारण हे पीक नेहमीच सर्वांत निकृष्ट जमिनीच्या वाट्याला आलेले असते.

या तेलाचे औद्योगिक मोल समजण्यासाठी त्याच्या रसायनाकडे पाहावे लागते. कोणतेही वनस्पतिज तेल म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेल्या तीन मेदाम्लांच्या लांब साखळ्या होत. या साखळ्यांतील कार्बन अणू सर्वत्र एकेरी बंधांनी जोडलेले असतील तर तेल थंडीत थिजते व हवेत स्थिर राहते. काही ठिकाणी दुहेरी बंध असतील तर त्या जागी हवेतील ऑक्सिजन शिरकाव करतो, शेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि पातळ तेलाचा हळूहळू चिवट पापुद्रा बनतो. अशा तेलांना वाळणारी तेले म्हणतात. जवसाचे तेल हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. लाकडाला लावायचे व्हार्निश, तैलरंग व लिनोलियमची फरशी ही त्याचीच देणगी. खुरासणीच्या तेलातील निम्म्याहून अधिक मेदाम्ल लिनोलेइक प्रकारचे, म्हणजे दोन दुहेरी बंधांचे असते, त्यामुळे ते जवसाइतके झपाट्याने नसले तरी सावकाश वाळते आणि रंग, साबण व मऊ वंगण यांसाठी वापरता येते. घाण्याशेजारच्या भिंतीवर उडालेल्या तेलाचे जे पिवळट, नखाने खरवडावे लागणारे डाग दिसतात, ते याच रासायनिक क्रियेचे फळ आहे. गृहिणीला हा गुण दोषच वाटतो, कारण खवटपणाची सुरुवातही दुहेरी बंधापाशीच होते. रंगाच्या कारखानदाराला मात्र तोच हवा असतो.

प्रत्यक्षात खुरासणीचा मोठा व्यापार रंगासाठी होत नाही. घरगुती तेल व कारळ्याची चटणी यांपलीकडे जे बी बाजारात जाते, त्यातले बरेचसे पाश्चात्त्य देशांत बागेतील पाखरांचे खाद्य म्हणून विकले जाते. अमेरिकेत ते उतरवण्यापूर्वी सुमारे १२० अंश सेल्सिअस तापमानाला १५ मिनिटे तापवणे बंधनकारक आहे, म्हणजे बियाण्यात मिसळलेले अमरवेलीचे बी तिकडच्या शेतात रुजणार नाही. उष्णतेच्या या प्रक्रियेसाठी लागणारी यंत्रे निर्यातदाराकडे असतात, शेतकऱ्याकडे नसतात. त्यामुळे किमतीतली खरी वाढ डोंगर उतरल्यानंतरच होते. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी खुरासणीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ९,५३७ रुपये ठरवली, तर त्याच हंगामात साध्या भाताची २,३६९ रुपये होती. क्विंटलमागचा हा फरक डोळ्यांत भरतो. परंतु एकरी उत्पन्न हिशेबात धरले की तो बराचसा विरून जातो, आणि आधारभूत किमतीने खरेदी करणारे केंद्र जवळ नसेल तर ती किंमत कागदावरच राहते. आदिवासी शेतकऱ्याचा माल सावकार व खेडा-खरेदी करणारे व्यापारी पडत्या भावात उचलतात, हे ओळखून महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने एकाधिकार खरेदीची व्यवस्था उभी करण्यात आली आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या, नाशिकला मुख्यालय असलेल्या आदिवासी विकास महामंडळाकडे ते काम आले. वाणसुधारणेचे काम शेजारच्या इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रात झाले असून तेथून ‘आयजीपी-७६’ आणि ‘फुले कारळा’ यांसारखे वाण प्रसारित झाले. या सगळ्यात एका दुव्याची उणीव स्पष्ट दिसते, ती म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी तेल काढून पेंड गावातच ठेवण्याची सोय.

पेंडीचा हा मुद्दा वरवर किरकोळ वाटला तरी नवीकरणीय कच्च्या मालाच्या साऱ्या चर्चेचे मर्म त्यात आहे. तेल हे कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन या तीनच मूलद्रव्यांचे बनलेले असते, आणि ही तिन्ही पिकाला हवा व पाण्यातून फुकट मिळतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि चुना ही द्रव्ये मात्र मातीतून उचललेली असतात व ती तेलात न जाता पेंडीत, काडात आणि टरफलात राहतात. म्हणजे केवळ तेल बाहेर गेले तर जमिनीचे फारसे काही जात नाही. अख्खे बी बाहेर गेले तर वरकस जमिनीचा आधीच तोळामासा असलेला कस पोत्यांत भरून बंदराकडे रवाना होतो. पेंड जनावराला घातली आणि शेण शेतात परतले, तर हे चक्र पुष्कळ अंशी पूर्ण होते. ‘नवीकरणीय’ हे विशेषण त्यामुळे पिकाला आपोआप चिकटत नाही. कोणता भाग शेतातून नेला आणि कोणता परत दिला, यावर ते ठरते.

खुरासणी जुनी, तर काजू या भागात तुलनेने नवा. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने १९८२ पासून गुजरातेतील वांसदा परिसरात ‘वाडी’ पद्धत रुजवली. आदिवासी कुटुंबाने आपल्या हलक्या जमिनीच्या एका तुकड्यावर आंबा व काजूची कलमे लावायची, कडेने कुंपणाची व जळणाची झाडे घ्यायची आणि झाडे फळाला येईपर्यंत मधल्या जागेत नेहमीची पिके करायची, असे तिचे साधे स्वरूप होते. पुढे ही पद्धत जव्हार-मोखाड्यातही आली आणि वरकस जमिनीच्या काही भागावर काजू उभा राहिला. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-४’ व ‘वेंगुर्ला-७’ या जातींनी कोकणातील काजूला मोठी दाणेदार बी दिली.

काजूगराचे खाद्यमूल्य सर्वांना ठाऊक आहे. औद्योगिक मूल्य मात्र फेकल्या जाणाऱ्या टरफलात दडलेले असते. काजूबी आडवी कापून पाहिली तर टरफलाचे तीन थर दिसतात: बाहेरचा चिवट पापुद्रा, आतला कठीण कवचाचा थर आणि या दोहोंमध्ये सच्छिद्र, पोळ्यासारखा भाग. या मधल्या भागात तांबूस-तपकिरी, दाट चीक भरलेला असतो. तो कातडीला लागला की फोड येतात, म्हणून काजू फोडणाऱ्या बाया हाताला राख किंवा तेल चोळून बसतात आणि तरीही त्यांच्या बोटांवरची कातडी काळवंडून सोलवटलेली दिसते. जव्हारच्या रानातला बिबा हा काजूचाच भाऊबंद. धोब्यांनी कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करण्यासाठी वापरलेला आणि अंगावर उतणारा बिब्याचा रसही याच जातीच्या रसायनांचा असतो.

रसायनशास्त्राच्या भाषेत हा चीक म्हणजे फिनॉलच्या कड्याला पंधरा कार्बन अणूंची लांब शेपटी जोडलेल्या संयुगांचे मिश्रण होय. ताज्या चिकात ॲनाकार्डिक आम्ल सर्वाधिक असते. टरफले तापवली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कार्डेनॉल उरते. निसर्गात मुबलक मिळणारी फिनॉल गटातील संयुगे फार थोडी आहेत, आणि कारखान्यात वापरले जाणारे साधे फिनॉल खनिज तेलातून काढावे लागते. त्यामुळे कार्डेनॉलचे महत्त्व. फिनॉलचे कडे त्याला फॉर्माल्डिहाइडशी संयोग पावून कठीण राळ बनण्याची क्षमता देते, तर लांब शेपटी त्या राळेला लवचीकपणा व पाण्याला दाद न देण्याचा गुण देते. अशा राळेची पूड मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरात मिसळतात. ब्रेक दाबल्यावर निर्माण होणाऱ्या उष्णतेतही ती घर्षण एकसारखे ठेवते आणि कर्कश आवाज कमी करते. जहाजांच्या व साठवण-टाक्यांच्या रंगांत इपॉक्सी राळ पक्की करण्यासाठी कार्डेनॉलपासून बनवलेली द्रव्ये वापरली जातात, कारण ती ओल्या व थंड पृष्ठभागावरही धरतात. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी होड्यांच्या फळ्यांना हाच चीक पूर्वीपासून फासला, यात नवल नाही.

हिशेब केला तर कच्च्या काजूबीच्या वजनात टरफलाचा वाटा साधारण दोन-तृतीयांश असतो आणि टरफलाच्या वजनाच्या जवळपास पाव भाग चीक असतो. शंभर किलो बीमागे पंधरा-सोळा किलो तेल निघू शकते, असा त्याचा अर्थ. गर खाल्ला जातो, तेल उद्योगाला जाते आणि तेल काढून उरलेले टरफल भट्टीत जळण म्हणून चालते; अन्नाचा घास कुणाच्या तोंडचा काढून घ्यावा लागत नाही. पिकांपासून उद्योगाला माल पुरवण्याच्या जगभरच्या योजनांवर जो मुख्य आक्षेप घेतला जातो, की अन्नाची जमीन इंधनासाठी व प्लास्टिकसाठी वळवली जाते, तो येथे लागूच पडत नाही. छोट्या प्रक्रिया केंद्रांत मात्र टरफले तेलासकट चुलीत घातली जातात. त्यांचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो, आणि ज्याला बाजारात भाव आहे ते द्रव्य धुराड्यातून निघून जाते.

मोहाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिच्यात रसायनाइतकाच कायदा शिरलेला आहे. मोहाच्या मांसल फुलांत वाळल्यावर वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. ही फुले वाळवून आदिवासी कुटुंबे टंचाईच्या दिवसांत खातात आणि आंबवून दारूही गाळतात. सरकारी अबकारी उत्पन्नाला या घरगुती भट्टीची झळ पोचते म्हणून मुंबई सरकारने १८९२ मध्ये खास मोहफुलांविषयीचा कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले. दुष्काळात पोटाला आधार देणारे फूल जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवण्याइतका हा कायदा कठोर होता, आणि त्याचे समर्थन महसुलाखेरीज दुसऱ्या कोणत्याही आधारावर करता येत नाही. पुढे पहिल्या महायुद्धाने याच फुलांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वेगळ्या कारणाने वेधले. तोफगोळे डागण्यासाठी वापरायच्या कॉर्डाइट या स्फोटकासाठी ॲसिटोन हे द्रावक लागे. ब्रिटनमध्ये कैम वाइझमन यांनी जिवाणूंच्या साहाय्याने पिष्टापासून ॲसिटोन बनवण्याची कृती शोधली होती आणि मक्याचा तुटवडा पडल्यावर १९१७ मध्ये तेथील शाळकरी मुलांनी हॉर्स चेस्टनट या झाडाची फळे गोळा केली. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मोहफुलांपासून ॲसिटोन मिळवण्याचे प्रयोग झाले आणि जव्हार-मोखाड्याच्या पूर्वेला असलेल्या नाशिकमध्ये ॲसिटोनचा कारखाना उभा राहिला. युद्ध संपताच ही निकड संपली. आज ॲसिटोन बहुतांशी खनिज तेलापासून बनते. रानातल्या फुलाने एकेकाळी ती जागा भरून काढली होती, ही गोष्ट उद्योगाच्या इतिहासात तळटीप होऊन राहिली आहे. महाराष्ट्रात मोहफुलांवरचे निर्बंध २०२१ मध्ये सैल करण्यात आले.

मोहाच्या बियांचे तेल थंडीत तुपासारखे थिजते, म्हणजे त्यात दुहेरी बंधांचे प्रमाण कमी असते. ते वाळणाऱ्या रंगाला निरुपयोगी पण साबणाला उत्तम. तेल काढल्यावरची पेंड जनावरांना थेट घालता येत नाही, कारण तिच्यात सॅपोनिन नावाची फेसाळणारी, कडवट द्रव्ये असतात. ही द्रव्ये माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करतात, म्हणून डोहात पेंड टाकून मासे मारण्याची जुनी युक्ती आहे. मत्स्यशेतीतील तळ्यांत बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे काढून टाकण्यासाठी आज हीच पेंड विकत घेतली जाते, आणि तिचे विष काही दिवसांत विरून ती पुढे खताचे काम करते.

भाताकडे वळले की चित्र पालटते. पिकापासून प्लास्टिक, इंधन व कागद या घोषणांमध्ये भाताच्या पेंढ्याचा उल्लेख हटकून येतो. हरियाणातील पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला इंडियन ऑइलचा कारखाना वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्यासाठी उभारलेला आहे. पंजाब-हरियाणात यंत्राने कापणी झाल्यावर शेतात राहिलेला पेंढा जाळला जातो, तेव्हा तेथे असा कारखाना शहाणपणाचा ठरतो. जव्हारमध्ये पेंढा उरतच नाही. तो बैलांच्या वैरणीला आणि घर शाकारायला लागतो. उन्हाळ्यात वैरण संपली की जनावर विकायची पाळी येते. इतकेच नव्हे, तर रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा व टहाळे पसरून जाळण्याच्या ‘राब’ पद्धतीला पुरेल एवढे शेण व पाला जमवणेही कठीण होत चालले आहे. एका प्रदेशात टाकाऊ असणारी वस्तू दुसऱ्या प्रदेशात घरचा आधार असू शकते, आणि दिल्लीत किंवा मुंबईत बसून काढलेल्या आकडेमोडीत हा भेद सहसा पुसला जातो.

भाताच्या तुसाबद्दल मात्र वेगळे म्हणता येते. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असतो. त्याला जनावर तोंड लावत नाही, कारण भाताचे रोप मातीतून घेतलेली सिलिका, म्हणजे वाळूचेच घटकद्रव्य, दाण्याभोवतीच्या या आवरणात साठवते. तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. टायरच्या रबरात अशी सिलिका मिसळली की चाक फिरताना वाया जाणारी शक्ती कमी होते. गुडइयर या टायर कंपनीने तुसाच्या राखेतील सिलिका वापरण्याचा निर्णय २०१४ मध्ये जाहीर केला. वाडा-विक्रमगडच्या बाजूला जेथे भातगिरण्या एकवटलेल्या आहेत तेथे हा विचार व्यवहारात येऊ शकतो. मोखाड्यात, जेथे भात घरच्या खाण्यापुरते होते, तेथे तो कामाचा नाही.

साखर व पिष्ट यांपासून बनणाऱ्या प्लास्टिकचा येथे ओझरता उल्लेख पुरेसा आहे. जिवाणू साखरेचे लॅक्टिक आम्ल बनवतात, म्हणजे दही लागताना घडते तीच क्रिया, आणि त्या आम्लाचे रेणू एकापुढे एक जोडून पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लास्टिक तयार होते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरी येथे त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. महाराष्ट्रात त्याला लागणारी साखर उसाच्या पट्ट्यातून येणार, डोंगरी भागातून नव्हे. शिवाय हे प्लास्टिक मातीत टाकले की विरघळते, हा समज चुकीचा आहे. सुमारे ६० अंश तापमान राखणाऱ्या औद्योगिक खतनिर्मितीच्या ढिगातच ते वेगाने कुजते, बांधावर फेकलेला पेला मात्र वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो.

धाग्यांमध्ये अंबाडीचा विचार व्हायला हवा. शेताच्या कडेने तिच्या ओळी लावून पाला भाजीला आणि साल दोरांना वापरण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात जुनी आहे. कापलेल्या ताटांच्या पेंढ्या पाण्यात बुडवून ठेवल्या की सालीतील धाग्यांना चिकटवून ठेवणारे पेक्टिन जिवाणू खाऊन टाकतात. मग साल ओढली असता पांढुरके, लांब वाख सुटे होतात. बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या ‘आय३’ या विजेवरच्या मोटारीच्या दारांच्या आतील तक्त्यांत याच अंबाडीचा धागा वापरला होता, कारण तो काचतंतूपेक्षा हलका असतो. जव्हारात मात्र नायलॉनच्या दोरीने अंबाडीची जागा केव्हाच घेतली आहे, आणि पावसाळ्यानंतर ताटे भिजवायला पाणीच शिल्लक राहत नाही, हेही त्यामागचे एक कारण मानावे लागते.

बाहेरून आणलेल्या उत्साहाची फलश्रुती काय होते, हे मोगली एरंडाने दाखवून दिले आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवडिझेलची राष्ट्रीय मोहीम सुचवली आणि २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. कुंपणाला लावली जाणारी, जनावरे तोंड लावत नाहीत अशी ही वनस्पती पडीक जमिनीवर पाण्याविना तेल देईल, असे सांगितले गेले. झाड पाण्याविना जगते हे खरे होते. पाण्याविना व खताविना भरघोस बी देते हे खरे नव्हते. उत्पन्न अपेक्षेच्या जवळपासही गेले नाही, बी विषारी असल्याने पेंड जनावरांच्या कामाची नव्हती, आणि खेळता खेळता बिया खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येत राहिल्या. या योजनेच्या मुळाशी असलेली चूक कृषिशास्त्राची तर होतीच, पण त्याहून मोठी चूक ‘पडीक’ या शिक्क्याची होती. सातबाऱ्यावर पडीक दिसणारी वरकस जमीन ही फेरातील विश्रांती घेणारी जमीन असते. तिच्यावर गुरे चरतात, रानभाज्या निघतात, राबासाठी टहाळे मिळतात. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी या गावांतील कुपोषणाच्या बालमृत्यूंमुळे ज्या जव्हार तालुक्याचे नाव देशभर झाले, तेथे नागली-वरईची जमीन इंधनाच्या पिकाखाली घालण्याची कल्पना मांडण्यापूर्वी दहा वेळा विचार करायला हवा होता.

या अनुभवांवरून एक कसोटी हाती लागते: डोंगरी भागात उद्योगासाठी नवे पीक आणण्याऐवजी जे पिकते त्याचा खाण्यानंतर उरणारा भाग उद्योगाला द्यावा, आणि त्यातही मातीतून उचललेली द्रव्ये मातीकडे परतवावीत. काजूचे टरफल या कसोटीला पूर्ण उतरते, खुरासणीचे तेल पेंड गावात राहिली तर उतरते, मोहाचे तेल फुलांवरचा कुटुंबाचा हक्क अबाधित राहिला तर उतरते. पेंढा व मोगली एरंड उतरत नाहीत. दुसरी अडचण वाहतुकीची आहे. वनस्पतिज माल आकाराने मोठा व वजनाने हलका असतो, जव्हारला रेल्वे नाही, घाटवळणांवरून ट्रकभर टरफले नेण्याच्या भाड्यातच नफा संपतो. म्हणून तेल काढण्याचे पहिले काम तालुक्यातच व्हायला हवे, आणि डबाबंद तेल तेवढे पुढे जायला हवे. ते घेणारी गिऱ्हाइके मिळू शकतील असे शेकडो रासायनिक कारखाने याच जिल्ह्यात, बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत आहेत.

यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. काजूची टरफले दाबून तेल काढणारा स्क्रू-घाणा आणि खुरासणी व मोहासाठी दुसरा घाणा, कारण खाण्याच्या तेलाला काजूच्या चिकाचा संसर्ग होऊ देणे धोक्याचे आहे. एवढ्या दोन यंत्रांनी सुरुवात करता येते. बचतगटांच्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या योजना आखणाऱ्यांनी जव्हार-मोखाड्यात काजूगर सोलण्याच्या केंद्राला मंजुरी देताना त्याच आराखड्यात टरफलाच्या घाण्याचीही तरतूद करावी आणि टरफल तेलासकट जाळण्यावर बंदी घालावी.